मागच्या बाजूचा उतार

आत्यांच्या खोलीत पाणी शिरलंय हे सगळ्यात आधी डॉक्टरीणबाईंना कळलं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. दवाखान्याची खिडकी उघडताना त्यांना मागे अंगणात आत्या दिसल्या. बाह्या सरसावून, तसराळं भरभरून त्या खोलीतलं पाणी उपसत होत्या आणि नव्याकोऱ्या हिरव्यागार टर्फच्या नकली गवतावर फेकत होत्या. फेकलेलं पाणी टर्फखाली जाऊन मुकाट्याने पुन्हा खोलीकडेच येत होतं. हे आत्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रागावल्या की त्यांच्या हातांना काम लागे, मग ते उपयोगाचं असो वा नसो. डॉक्टरीणबाईंनी खिडकी लावून घेतली आणि पहिल्या पेशंटची दाढ बघायला बसल्या.

थोरलीला कळलं ते नाश्त्याच्या वेळी, तसराळ्याच्या आवाजावरून. थोरली म्हणजे घरातली मोठी सून. खेळाची मैदानं तयार करून द्यायची हा घरचा धंदा. तिच्या नवऱ्याने माती आणि मजूर बघायचे, धाकट्या दिराने गिऱ्हाईक आणायचं आणि तिने त्या दोघांना एकमेकांच्या उरावर बसू द्यायचं नाही, अशी वाटणी सासऱ्यांच्या पश्चात आपोआप झाली होती. तिसरं काम सगळ्यात जड. धाकट्या दिराची बायको, म्हणजे आपल्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. त्यांचं काम वेगळं, पण मत प्रत्येक कामात असे.

थोरली चहा तसाच टाकून मागे धावली. तिने टर्फवर पाय ठेवला तेव्हा तो पचकन खाली गेला आणि भोवतालचं गवत फुगून वर आलं. खाली पाणी साचलं होतं. खोलीत घोटाभर पाणी होतं आणि आत्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"ये. चपला काढू नकोस, वाहून जातील," आत्या म्हणाल्या.

थोरलीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. भिंतीला टांगलेल्या जाळ्यांची खालची टोकं पाण्यात बुडाली होती. गोलपोस्टच्या जाळ्या आत्या इथेच विणत. घरच्या धंद्यातलं एकही मैदान त्यांच्या जाळीशिवाय पुरं झालेलं नव्हतं. दोघींनी मिळून जाळ्या वर बांधल्या, ट्रंक खाटेवर घेतली. आत्या उजव्या हाताने काही उचलत नव्हत्या हे थोरलीच्या लक्षात आलं.

ही खोली म्हणजे मुळात सासऱ्यांचं सामानाचं कोठार. तिघं पोरं मागे ठेवून थोरलीच्या सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांची ही बहीण महिनाभरासाठी म्हणून आली होती. तो महिना अजून संपलेला नव्हता. पोरं मोठी झाली, अंगणाच्या दोन बाजूंना दोघा भावांची दोन घरं उभी राहिली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मग सासऱ्यांनी कोठाराला खिडक्या पाडल्या आणि सगळ्यांसमक्ष सांगितलं, की ही खोली हिची, ही आहे तोवर हिची. कागद केला नाही. पोटच्या पोरांना कागद दाखवायचा म्हणजे त्यांचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. मातीतलं त्यांना सगळं कळायचं, पोरांच्या बाबतीत मात्र ते भोळे निघाले.

आत्या काही देवमाणूस नव्हत्या. रेडिओ गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा लावत, पत्त्यांत सर्रास लबाडी करत, आणि एका सुनेचं उणं दुसरीला सांगण्यात त्यांना कोण आनंद. पण थोरली नवी नवरी असताना तिला हिशेबाचा अभ्यासक्रम पुरा करायचा होता आणि सासऱ्यांची भुवई वर गेली होती, तेव्हा आत्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, की मला स्वयंपाकाची फार हौस आहे, दोन्ही वेळचा मीच करणार. स्वयंपाकाचा त्यांना जन्मजात कंटाळा. थोरलीची परीक्षा होईपर्यंत सगळं घर ते करपलेलं, अळणी अन्न मान खाली घालून गिळत राहिलं. ते ऋण थोरली विसरली नव्हती. ती रोज संध्याकाळी मागे जाई, आत्यांचा खांदा शेकून देई, आणि घरात कुणाबद्दल कुणाला काय वाटतं ते सगळं पोटात घेऊन परत येई.

आता ह्या पाण्याचं.

चिकणमाती पाणी पीत नाही. ओली झाली की फुगते आणि पाणी वर धरून बसते. तिच्यावर नुसतं टर्फ अंथरलं तर खाली तळं होतं आणि महिन्याभरात कुबट वास सुटतो. म्हणून नव्या जागी गेलं की सासऱ्यांची पद्धत ठरलेली. आधी एक खड्डा खणायचा, काठोकाठ पाण्याने भरायचा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. पाणी तसंच उभं असलं, की गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगायचं, गवताचा रंग नंतर निवडा, आधी पाणी कुठे सोडायचं ते ठरवा. मग जमिनीला त्या दिशेने उतार, चर खणून त्यात भोकांचे पाईप, चिखल वर येऊ नये म्हणून कापड, त्यावर खडी, खडीवर बारीक कच, रोलर, आणि सगळ्यात शेवटी टर्फ. खड्डा भरल्याशिवाय ह्या घराने कुणाचंही काम घेतलं नाही. धाकटा तर गिऱ्हाइकांपुढे ह्याचीच फुशारकी मारत असे.

आपल्या अंगणात मात्र कुणी खड्डा भरला नाही. अंगणात नमुन्याचं टर्फ घालायची कल्पना धाकट्याची. गिऱ्हाइकाला चित्रं दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष पायाखाली द्यावं. कल्पना चांगली होती. थोरल्याने पहिल्या दिवशी उताराची दोरी लावली ती रस्त्याच्या गटाराकडे, आणि ते बरोबरच होतं. पण गटाराकडे जायचं तर धाकट्याच्या घरापुढची गाड्या लावायची जागा फोडावी लागणार. तिथे डॉक्टरीणबाईंनी नुकतीच फरशी बसवलेली, पेशंटसाठी चढण केलेली. त्या फरशीला हात लावायचा नाही, असं धाकट्याने सांगितलं. दोघा भावांत शब्दाला शब्द लागला, आठवडाभर काम पडून राहिलं, आणि एका सकाळी थोरल्याने काही न बोलता दोरी फिरवली आणि मागच्या बाजूला लावली, आत्यांच्या भिंतीकडे. दोरीचं दुसरं टोक थोरलीच्या हातात होतं. भिंतीलगत खडीचा चर करू, पाणी तिथे जिरेल, असं तो म्हणाला. ते जिरणार नाही हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. ती बोलली नाही, कारण दोघे भाऊ पुन्हा बोलायला लागले होते.

बाकीचं काम अगदी चोख झालं. चोख झालं म्हणून तर पाऊस लागल्यावर अंगणातला थेंब न् थेंब वेळेवर आत्यांच्या खोलीत पोहोचला.

त्या सकाळी आत्यांना उचलून थोरलीने आपल्या घरातल्या दिवाणखान्यात आणलं. दोन दिवस त्या तिथे झोपल्या, रेडिओसह. थोरल्याने मागे पंप लावून खोली कोरडी केली. पण टर्फ अजून पायाखाली पचपचत होतं आणि पुढच्याच आठवड्यात एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस नमुना बघायला यायचे होते. संस्थेच्या तीन शाळा, तीन मैदानं. धाकटा वर्षभर त्यांच्या मागे होता. हे काम मिळालं तर धंदा सावरणार होता. नाही मिळालं तर धाकटा वेगळा होणार, आणि गिऱ्हाइकं सगळी त्याच्या ओळखीची. मग आपल्या नवऱ्याने माती कुणाची बघायची, असं थोरली स्वतःलाच विचारी.

रविवारी सगळे जमले. नणंद मुद्दाम सकाळच्या गाडीने आली. ती शाळेत मास्तरीण होती आणि सगळे तिला अक्का म्हणत. घरात शिरताच तिने आत्यांना मिठी मारली, ओली खोली बघून आली आणि दोन्ही भावांना समोर बसवून असं काही झापलं, की थोरलीला मनातून फार बरं वाटलं. आईच्या जागी जिने वाढवलं तिला डबक्यात ठेवता, लाज कशी वाटत नाही, असं बरंच काही. आत्या तेव्हा आत थोरलीच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. दार उघडंच होतं.

थोरल्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्याने कागदाच्या एका कपट्यावर चार रेघा ओढल्या आणि सगळ्यांना समजावलं. रस्ते दोनच. एक म्हणजे टर्फ उचलून उतार पुन्हा रस्त्याकडे काढायचा आणि धाकट्याची फरशी फोडून पाईप गटारात सोडायचा. दुसरा म्हणजे उतार आहे तसा ठेवायचा, पाणी मागे हौदात गोळा करायचं आणि पंपाने उचलून कुंपणाच्या भिंतीवरून गटारात टाकायचं. पण हौद सगळ्यात खोल जागी हवा, आणि खोल जागा एकच, आत्यांच्या खोलीची. भिंतीला लागून खणायला जावं तर ती जुनी भिंत अंगावर येईल.

"म्हणजे खोली पाडायची," अक्का म्हणाली.

"मी म्हणत नाही. जागा म्हणतेय," थोरला म्हणाला.

थोरली नवऱ्याकडे बघत राहिली. आदल्या दिवशी ती त्याच्याशी बोलली होती. फरशी फोडायची, ह्या वेळी माघार घ्यायची नाही, असं दोघांचं ठरलं होतं. त्याने तिला तसा शब्दच दिला होता. आता तो कपट्यावरच्या रेघा पुन्हा पुन्हा गिरवत होता आणि वर बघत नव्हता.

तिनेच सुरुवात केली. फरशी काय, पुन्हा बसवता येईल, आपण आपल्या माणसांकडून बसवून देऊ, असं ती समजुतीच्या सुरात म्हणाली. अक्काने लगेच मान डोलावली. धाकटा काही म्हणणार तोच डॉक्टरीणबाई बोलल्या. त्या कधीच चढ्या आवाजात बोलत नसत. दाताला सुई टोचतानाचा मऊ आवाज त्या घरातही वापरत.

"ताई, फरशी माझी आहे म्हणून मी अडून बसलेय असं तुम्हाला वाटतं. बसवून घेईन मी पुन्हा. पण महिनाभर दवाखाना बंद राहिला तर माझे पेशंट पलीकडच्या गल्लीत जातील आणि परत येणार नाहीत. धंद्याचा पडता काळ होता तेव्हा दोन्ही घरं कशावर चालली, ते मी कधी बोलून दाखवलं का?"

"आत्ता दाखवलंस की," अक्का म्हणाली.

पण डॉक्टरीणबाई खोटं बोलत नव्हत्या, ही खरी अडचण होती. सासरे गेले त्या वर्षी दोन्ही घरांच्या चुली दवाखान्यावरच चालल्या होत्या. थोरलीचा आवाज तिथेच अर्धा खाली आला. धाकट्याने ते हेरलं. गिऱ्हाइकाच्या तोंडावरून त्याच्या मनातलं ओळखायचं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला की, चिटणीस पुढच्या आठवड्यात येणार. फरशी फोडून, सगळा उतार फिरवून काम व्हायला महिना जाईल. हौद आणि पंप मात्र चार-पाच दिवसांत होईल. आणि आत्याची सोय करायचीच आहे, तिला वाऱ्यावर कोण सोडतंय. उलट तिला आता सुख हवं. अक्काकडे काही महिने गेली तर हवापालट होईल.

इथवर अक्का वाघिणीसारखी बसली होती. आता ती खुर्चीत जराशी मागे सरली.

"माझ्याकडे तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, की सासूबाईही तिच्याकडेच असतात, आणि त्या आणि आत्या एका घरात म्हणजे रोजचं युद्ध. शिवाय ती दिवसभर शाळेत. तिची तयारी आहे हो, नाही कोण म्हणतंय, पण आत्यालाच तिथे करमणार नाही. बोलता बोलता तिचा आवाज डॉक्टरीणबाईंसारखा मऊ झाला. तो तसा झालाय हे थोरलीशिवाय कुणाला कळलं नसावं.

"मग इथे राहू दे, माझ्याकडे. दिवाणखान्यात पडदा लावू," थोरली म्हणाली.

ह्यावर तिचा नवरा सकाळपासून पहिल्यांदा मनापासून बोलला. "दोन दिवसांत माझं डोकं उठलंय त्या रेडिओने. जन्मभर जमणार आहे का तुला? नीट विचार कर." आणि थोरलीने विचार केला. दिवाणखान्यात आत्या, गोलपोस्टच्या जाळ्या, पत्ते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे. आपली मुलगी लग्नाची, तिला बघायला कुणी आलं तर त्यांना बसवायचं कुठे. हा विचार मनात आलेला तिला आवडला नाही, पण आला तो आलाच.

गोदामाची कल्पना कुणी काढली, ह्याबद्दल पुढे मतं वेगळी पडली. धाकटा म्हणे दादाने, दादा म्हणे धाकट्याने. टर्फचे गुंडाळे ठेवायला गावाबाहेर जे गोदाम घेतलं होतं, त्याच्या कडेला एक खोली होती. पक्की, सिमेंटची, उंचावर. गुंडाळ्यांना ओल लागून चालत नाही, म्हणून जागा अगदी पारखून घेतलेली. रखवालदाराची बायको डबा देईल. जाळ्या पसरायला ऐसपैस जागा. रेडिओ कितीही मोठा लावा, शेजारी कोणी नाही. एकेक जण एकेक सोय सांगू लागला. अक्काने पंख्याचं सुचवलं. डॉक्टरीणबाईंनी नवी गादी आपल्यातर्फे देऊ केली. दर दोन दिवसांनी कुणी जायचं ह्याच्या पाळ्याही ठरल्या. वडील गेल्यापासून ह्या भावंडांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. वर्षश्राद्ध तिथीला घालायचं की तारखेला इतक्या साध्या गोष्टीवरून तोंडं फिरवलेली ही माणसं, पण आता चौघांची तोंडं एका दिशेला झाली होती आणि चौघंही एकदम हलकी वाटत होती. थोरल्याने धाकट्याला चहा ओतून दिला. हे बघायला थोरली कित्येक दिवस तळमळत होती, आणि आता दिसलं तेव्हा तिला ते बघवेना.

मटार सोलण्याचा आवाज थांबला. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का ठरवून? की अजून एखादी गादी बाकी आहे?"

अक्काने डोळ्याला रुमाल लावला आणि उठून त्यांच्याजवळ जायला निघाली. आत्यांनी तिला हातानेच बसवलं. "तू रडू नकोस. लहानपणीही मार बसायच्या आधी तूच रडायचीस. मग मार बसायचा ह्या दोघांना."

धाकटा हसला, सवयीने. थोरला उठून सांगायला लागला, की आत्या, ठरवलं वगैरे काही नाही, तुला नको असेल तर नाही म्हण, तुझ्या मनाविरुद्ध इथे काहीही होणार नाही. त्याला ते खरंच वाटत होतं, निदान बोलताना तरी. मनाविरुद्ध काही न करता माणसाचं मनच वळवायचं, ही ह्या घरातली जुनी रीत. आत्यांनी त्याचं सगळं बोलणं होऊ दिलं.

"तुम्हा तिघांना काय वाटतं ते मला विचारायला नको. मीच वाढवलंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई परक्या, त्यांचा माझा हिशेब नाही. ही मात्र रोज संध्याकाळी येऊन बसते." त्या थोरलीकडे वळल्या. "तू सांग. राहू की जाऊ?"

आत्यांचा प्रश्न सरळ होता आणि आवाजात राग नव्हता. तिने नुसतं 'राहा' म्हटलं असतं, तर आत्यांनी तिथेच खुंटा मारून जागा धरली असती, आणि मग त्यांना हलवण्याची कुणाची टाप नव्हती. फरशी फुटली असती. धाकटा वेगळा झाला असता, कदाचित झालाही नसता. हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. तिचा नवरा तिच्याकडे बघत होता. इतका वेळ वर न आलेली त्याची नजर आता आली होती, आणि त्या नजरेत विनवणी होती. तिला त्याची कीव आली, आणि त्या कीवेचा राग आला. आणि मग तिने आपल्याच आवाजात, अगदी मायेने सांगितलं.

"आत्या, मी काय म्हणते, ओल वाईट असते ह्या वयात. तुमच्या गुडघ्यांना सोसणार नाही ती."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "दुखतो तो खांदा. रोज तूच शेकतेस."

त्या आत गेल्या आणि राहिलेला मटार सोलून संपवला. थोरली आपल्या जागेवरून उठली नाही. तिला उठून त्यांच्यामागे जायचं होतं, त्यांच्या पायाशी बसून सांगायचं होतं, की मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तिला तसंच म्हणायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ताई, तुम्ही बोललात म्हणून सोपं झालं. थोरलीच्या आयुष्यात तिला एवढं झोंबलेलं दुसरं कौतुक नाही.

आत्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. टेम्पोत मागे जाळ्या आणि ट्रंक, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर रेडिओ. धाकट्याने हात देऊन वर चढवलं. निघताना त्यांनी ज्याला त्याला काही ना काही सुनावलं, अगदी नेहमीसारखं. थोरल्याला म्हणाल्या, केस काप, रखवालदार दिसतोस. अक्का आदल्या संध्याकाळीच परतली होती, तिच्यासाठी निरोप ठेवला, की तिसरा मजला सांभाळ. थोरली फाटकाशी उभी होती. तिलाही काहीतरी लागट बोलतील म्हणून ती वाट बघत होती, मनातून तयारी करून. आत्यांनी ड्रायव्हरला चल म्हटलं.

खोली पाडायला अर्धा दिवस लागला. जुनं बांधकाम, मातीतलं, कुदळीचा घाव बसला की ढलपे सुटत. खणायला लागल्यावर चिकणमाती कुदळीला चिकटून येत होती आणि मजूर शिव्या देत होते. थोरल्याने हौद उत्तम बांधला, आतून गिलावा, वर लोखंडी झाकण, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप. टर्फ मागच्या कडेने थोडं वाढवून झाकणापर्यंत नेलं. कामात तो जीव ओतत होता. जेवायलाही घरात येत नव्हता. संध्याकाळी थोरलीचे पाय सवयीने मागे वळत आणि अंगणाच्या मधोमध पोहोचल्यावर तिच्या लक्षात येई.

गोदामावर जायची पहिली पाळी धाकट्याची होती. त्याला गिऱ्हाइकाकडे जावं लागलं. दुसरी थोरलीची होती. ती गेली, तेव्हा आत्या जाळी विणत होत्या, डाव्या हाताने. रखवालदाराच्या बायकोने स्टूल आणून दिलं. थोरलीने शेकायची पिशवी बरोबर आणली होती, ती बाहेर काढली. आत्या म्हणाल्या, राहू दे, हिने सकाळीच शेकलाय. त्या नीट बोलल्या, चहा पाजला, मुलीची चौकशी केली. पाहुण्याशी बोलावं तसं. पत्ते काही काढले नाहीत.

चिटणीस आले ते ठरल्या दिवशी, दोन विश्वस्तांना घेऊन. धाकटा पांढऱ्या शर्टात, डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या चांगल्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. थोरल्याने नळी लावली आणि टर्फवर पाणी सोडलं, धो धो, मुसळधार पावसाइतकं. चिटणीस नव्या बुटांनी त्यातून चालले. नळी बंद केल्यावर बघता बघता सगळं पाणी नाहीसं झालं. त्यांनी वाकून हात फिरवला, तळवा बघितला. कोरडा.

"आमच्या तिन्ही मैदानांत हीच चिकणमाती आहे," ते म्हणाले. "गेल्या वेळच्या माणसाने बुडवलं आम्हाला. हे पाणी जातं कुठे?"

सांगायचं काम धाकट्याचं. पण आयत्या वेळी त्याला खोकला आला की काय कोण जाणे, त्याने वहिनींकडे हात केला. थोरलीने सांगितलं. उतार, चर, कापड, खडी, सगळं क्रमाने सांगितलं आणि त्यांना मागे हौदापाशी नेऊन झाकण उघडून दाखवलं. आत पंपाची घरघर चालू होती. चिटणिसांना ते फार पसंत पडलं. हौदाला एवढी सोयीची जागा बरी मिळाली, पूर्वी इथे काय होतं, असं त्यांनी विचारलं.

थोरला नळी गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला.

"काही नाही. रिकामीच होती," थोरली म्हणाली.

चिटणिसांनी मान डोलावली. मग जरा काळजीने म्हणाले, की तुमचं ठीक आहे हो, पण शाळेच्या आवारात अशी जागा आम्ही कुठून काढायची? सगळीकडे कुणी ना कुणी आहेच. एका कडेला माळ्याची खोली, एका कडेला शिपायाची. अशी रिकामी जागा सगळ्यांकडे नसते.

"असते," थोरलीने झाकण लावलं आणि हात पुसले. "सगळ्यांनी मिळून शोधली की सापडते."